पाडव्याला मिळणारी गाडी आज पाहून आले. सही करू की नको?

औशाची_बाई | २९ मार्च २०२५, रात्री १०:५०

उद्या सकाळी अकरा वाजता गाडी आणायला लातूरला जायचंय. त्याआधी कुणा जाणकाराचं मत हवंय. घरात सगळे झोपलेत, मला झोप लागेना.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. राहते औशात, शाळा २६ किलोमीटरवर. २०२२ मध्ये स्कूटीवरून पडले आणि डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून क्लच दाबला की गुडघा धरतो, म्हणून गिअरची गाडी स्वस्तात मिळत असूनही ऑटोमॅटिकच घ्यायचं ठरवलं. ५ जानेवारीला ११ हजार भरून बुकिंग केलं. भाच्याने बजावलं होतं, 'मामी, जानेवारीत जुन्या वर्षाचा माल खपवतात, वर्ष लिहून घे.' म्हणून मी सेल्समनला बुकिंग फॉर्मवर पेनाने लिहायला लावलं: 'रंग राखाडी, ऑटोमॅटिक, मॅन्यु. २०२५', म्हणजे गाडी २०२५ मध्ये बनलेली. खाली त्याची सही आहे, शिक्काही आहे.

पैसे सगळे गेलेत. एक्स-शोरूम ७,३२,०००, रोड टॅक्स ८०,५२०, विमा ३६,४००, पासिंगचे किरकोळ २,९००, ॲक्सेसरीज १९,५०० आणि हँडलिंग म्हणून ६,५००. एकूण ८,७७,८२०. त्यातले सहा लाख बँकेचं कर्ज, बाकी माझ्या खात्यातून. २६ तारखेला बँकेने रक्कम शोरूमच्या खात्यावर सोडली. त्याच दिवशी मी फॉर्म २० वर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या अर्जावर, आणि आणखी तीन-चार कागदांवर सह्या केल्या. कागद कोरे होते, ही माझी चूक.

आज अमावास्या, म्हणून शोरूममध्ये चिटपाखरू नव्हतं. 'उद्याच या मॅडम, आज कोण गाडी बघायला येतं,' असं सेल्समन म्हणत होता. मी म्हटलं, बघायला काय हरकत आहे? मागच्या यार्डात नेलं. गाडी राखाडी होती, ऑटोमॅटिक होती, मला आनंदच झाला. मग भाच्याला व्हिडिओ कॉल लावला आणि तो सांगेल तसं बघत गेले. मीटरवर १६४ किलोमीटर. टायरवर बारीक अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात, ते ३८२४ होते. म्हणजे २०२४ चा अडतिसावा आठवडा. चारही टायरवर तेच. सीटचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. भाचा म्हणाला, 'मागचे दरवाजे उघड आणि कडेच्या आतून बोट फिरव.' डाव्या दरवाजाची कड काचेसारखी गुळगुळीत. उजव्या दरवाजाची कड बारीक वाळूच्या कागदासारखी लागली. बिजागरीच्या बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंगही उडाला होता, पाना लावल्यासारखा. बाकी तीन दरवाजांचे बोल्ट जसेच्या तसे आहेत. या सगळ्याचे फोटो मी काढलेत.

मॅनेजरला विचारलं तर म्हणाले, 'मॅडम, २०२४ काय नि २०२५ काय, पासिंग तर २०२५ चंच होणार.' दरवाजाचं विचारलं तर, 'कंपनीतूनच तसा आलाय.' १६४ किलोमीटरचं कारण सांगितलं की दुसऱ्या यार्डातून चालवत आणली. दुसरी गाडी द्या म्हटलं तर बिल झालंय, विमा उतरवलाय, ३१ मार्चच्या आत आता काही बदलत नाही. कॅन्सल केली तर बुकिंगचे ११ हजार जातील, वर प्रोसेसिंगचे १० हजार कापू.

सासरे म्हणतात, पाडव्याचा मुहूर्त आहे, लोखंडच आहे, घेऊन ये. ह्यांचं म्हणणं, एवढे पैसे त्यांच्या ताब्यात असताना भांडण नको. मला ती गाडी घ्यायची नाही. पण उद्या सही केली नाही तर पैसे अडकतील का? त्यांनी माझ्या सह्यांवर पासिंग करून टाकलं तर? हप्ता ५ एप्रिलपासून सुरू होतोय, गाडी नसताना तो भरायचा का?

---

राजू_भोसरी | रात्री ११:०५

ताई, टेन्शन घेऊ नका. गाडी ताब्यात घ्या, मुहूर्त साधा आणि नंतर ग्राहक मंचात केस टाका. गाडी तुमच्याकडे असली की तुमची बाजू भक्कम.

---

शोरूममधला_माजी | रात्री ११:४०

राजूभाऊ, हा सल्ला उलटा आहे. ताई, कृपा करून उद्या ताबा घेऊ नका. मी नऊ वर्षं दोन वेगवेगळ्या डीलरकडे होतो, आधी सेल्सला, मग डिलिव्हरीला. ताबा घेताना जो कागद पुढे करतात त्यावर छापलेलं असतं, 'गाडी तपासून, समाधानकारक स्थितीत मिळाली.' तिथे सही झाली की दरवाजा आधीच रंगवलेला होता हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. आज गाडी त्यांच्या यार्डात आहे आणि फोटो तुमच्याकडे आहेत. यापेक्षा चांगली जागा तुम्हाला पुन्हा मिळणार नाही.

आता आतलं सांगतो. डीलर कंपनीकडून गाडी विकत घेतो, बहुतेक वेळा बँकेच्या पैशावर. गाडी यार्डात पडून राहील तितकं व्याज चढतं. सप्टेंबर-ऑक्टोबरची गाडी मार्चपर्यंत उभी असेल तर मालकाच्या डोळ्यांत ती रोज सलते. त्यात आर्थिक वर्षाचा शेवट, टार्गेट, आणि पाडव्याची गर्दी. मुहूर्ताच्या दिवशी हार घातलेल्या गाडीचं बोनेट उघडून कोणी बघत नाही, हे आम्हाला पक्कं माहीत असायचं. जुनी गाडी तेव्हाच निघते. मी स्वतः अशा गाड्या काढल्या आहेत आणि त्याची मला लाज वाटते, म्हणूनच एवढं लिहितोय.

जुन्या वर्षाची गाडी विकणं हा गुन्हा नाही. गिऱ्हाइकाला आधी सांगायचं आणि किंमत कमी करायची, बाजाराची रीत तीच आहे. तुम्हाला सांगितलं नाही. उलट २०२५ लिहून दिलं. पुढे विकताना गिऱ्हाईक आरसीवरचा उत्पादनाचा महिना बघतो, पासिंगचा नाही. त्यामुळे 'पासिंग २०२५ चं' हे बोलणं मनावर घेऊ नका.

'बिल झालं, आता बदलत नाही' हेही खरं नाही. पासिंग होईपर्यंत बिल रद्द होतं, क्रेडिट नोट, म्हणजे बिल रद्द केल्याचा कागद, निघते. विमा पॉलिसी रद्द होते किंवा चासी नंबर बदलून मिळतो. आम्ही महिन्याला दोन-तीन तरी करायचो. कटकट असते, पण होतं. खरी भीती फक्त पासिंगची. एकदा तुमच्या नावावर एमएच २४ चा नंबर पडला की ती गाडी कागदोपत्री तुमची. तुमच्या कोऱ्या सह्या त्यांच्याकडे आहेत, म्हणून आत्ता, याच रात्री, शोरूमच्या ईमेलवर लिहा: या चासी नंबरची गाडी मला मान्य नाही, फॉर्म २० वरची माझी संमती मी मागे घेत आहे, माझ्या नावे नोंदणीला पाठवू नये. कंपनीच्या कस्टमर केअरलाही तोच मेल. सोमवारी ईद आहे, आरटीओ बंद असेल. तेवढा वेळ मिळाला, हे बरंच झालं.

उद्या जाल तेव्हा तीन कागद मागा. फॉर्म २२, त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. पीडीआय शीट, म्हणजे गाडी उतरल्यावर जी तपासणी करतात त्याचा कागद. दरवाजा कंपनीतून तसाच आला असेल तर त्यात नोंद असलीच पाहिजे. आणि गाडी यार्डात कधी आली त्याचं चलन. दिले नाहीत तर 'मागितले, दिले नाहीत' असं तुमच्याच मेलमध्ये लिहा. चासी नंबरचं दहावं अक्षरही बघा. बऱ्याच कंपन्यांत ते वर्षाचं असतं, आर असेल तर २०२४, एस असेल तर २०२५. पण सगळ्यांची पद्धत सारखी नाही, म्हणून फॉर्म २२ वरच भर द्या.

१६४ किलोमीटरबद्दल मी भांडणार नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या यार्डातून चालवत आणली असेल तर तेवढे होतात. बोल्टचं मात्र बोला. बोल्ट उघडल्याशिवाय दरवाजा निघत नाही आणि नव्या गाडीचा दरवाजा काढायचं दुसरं कारण मला तरी माहीत नाही.

---

निवृत्त_कारकून_पुणे | ३० मार्च, सकाळी ६:२०

ताई, गुढी उभारून शांत डोक्याने जा. मी बारा वर्षं ग्राहकांच्या तक्रारी लिहून देतोय, वकील नाही. कायद्याचं जेवढं उपयोगी तेवढंच सांगतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २०२० च्या जुलैपासून लागू आहे. तुमची तक्रार लातूरच्या जिल्हा आयोगात होऊ शकते. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार करता येते, त्यामुळे शोरूम पुण्या-मुंबईचं असतं तरी तुम्हाला तिकडे हेलपाटे पडले नसते. जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या रकमेवर ठरते, ५० लाखांपर्यंत. तुम्ही दिलेली रक्कम पाच ते दहा लाखांत बसते, त्याला शुल्क २०० रुपये. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षं. ऑनलाइन तक्रार ई-जागृती पोर्टलवर करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. तिथे नोंद केली की ती तक्रार कंपनीकडे जाते, आणि बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात.

कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त वेळ जातो, हे मनात धरूनच पुढे जा. तुमची ताकद खटल्यात कमी आणि खटल्याआधीच्या लेखी पत्रात जास्त आहे. माझ्याकडे आलेल्या माणसांपैकी ज्यांची कामं लवकर झाली ती सगळी पत्र नीट लिहिणारी होती. तारीख, रक्कम, काय ठरलं, काय मिळालं, काय हवं, किती दिवसांत. राग पत्रात उतरू देऊ नका.

११ आणि १० हजार कापण्याबद्दल. ठरल्याप्रमाणे वस्तू त्यांनी दिली नाही, मग करार तुम्ही मोडलाच नाही. तुमच्याकडून मोडला असता तरी करार कायद्याच्या ७४ व्या कलमात वाजवी भरपाईचीच गोष्ट आहे, मनाला येईल तो आकडा नाही. वर्णन सांगून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे, हे तर १९३० च्या माल विक्री कायद्यापासून आहे. आणि तुमचं वर्णन शिक्क्यासह लिहिलेलं आहे. तो बुकिंग फॉर्म आजच्या आज स्कॅन करा आणि मूळ प्रत कोणी कितीही मागितली तरी हातात देऊ नका.

हँडलिंगचे ६,५०० कशाचे, ते लेखी विचारा. विमा त्यांच्याकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. ॲक्सेसरीजही ऐच्छिक. हे सगळं एकाच पत्रात घाला, पण मागणी एक आणि ठसठशीत ठेवा: ठरलेली गाडी, नाहीतर पूर्ण पैसे.

---

औशाची_बाई | ३० मार्च, दुपारी ४:३०

रात्री साडेबाराला मेल केला. सकाळी गुढी उभारली, नैवेद्य दाखवला आणि गेलो. शोरूमबाहेर मांडव, पेढे, एकापाठोपाठ गाड्या निघत होत्या. आमची गाडी हार घालून पुढे आणून ठेवली होती. मेल कोणी वाचलाच नव्हता.

मी फॉर्म २२ मागितला. अर्ध्या तासाने दाखवला. सप्टेंबर २०२४. पीडीआय शीट 'ऑफिसमध्ये आहे, उद्या मिळेल.' सासऱ्यांना मी काही न बोलता उजव्या दरवाजाच्या कडेवरून बोट फिरवायला सांगितलं. ते आयुष्यभर सुतारकाम करत आलेत. एकदा इकडे फिरवलं, एकदा तिकडे, आणि मॅनेजरला म्हणाले, 'ह्यो पॉलिश मारल्याला हाय. आमच्या लेकीला येडं समजू नका.' त्यानंतर घरात कोणी 'घेऊन ये' म्हटलं नाही.

हातात पत्र दिलं, पोच मागितली. शिक्का द्यायला तयार नव्हते, म्हणून मेलवर फोटो टाकला. रिकाम्या हाताने परत आलो. श्रीखंड गोड लागलं नाही, खरं सांगते. पण सही केली नाही.

---

पणजीकर | ३० मार्च, रात्री ९:१०

ताई, बरं केलंत. आमच्या गोव्यातलाच एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, निकाल २०२१ च्या फेब्रुवारीतला. ग्राहकाने २०११ च्या गाडीचे पैसे मोजले होते आणि डीलरने दिली २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय, तिन्ही ठिकाणी ग्राहक जिंकला. सर्वोच्च न्यायालयात मात्र गाडी बनवणारी कंपनी जबाबदारीतून सुटली. कंपनी आणि डीलर यांचे व्यवहार मालकाशी मालक अशा नात्याचे, म्हणजे डीलर हा कंपनीचा एजंट नव्हे, आणि डीलरने काय केलं हे कंपनीला माहीत होतं असं सिद्ध झालं नाही, असं न्यायालयाने धरलं. डीलरची जबाबदारी राहिली.

यातून तुमच्या कामाचं एवढंच की कंपनीला आत्ताच कळवून ठेवा. नुसतं कस्टमर केअरला फोन नव्हे, ईमेल, चासी नंबरसकट. उद्या 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं त्यांना म्हणता येऊ नये. तक्रार करायची वेळ आलीच तर कंपनीलाही पक्षकार करा आणि तिने कळूनही काय केलं नाही ते स्पष्ट लिहा.

---

शोरूममधला_माजी | ३१ मार्च, सकाळी ८:००

ताई, हप्त्याचं राहिलं. हप्ता चुकवू नका, सिबिल तुमचं खराब होईल, शोरूमचं नाही. बँकेला लेखी कळवा की ज्या गाडीसाठी रक्कम सोडली ती मी नाकारली आहे. बँकेलाही तारण म्हणून आरसीवर आपलं नाव चढलेलं हवं असतं, त्यामुळे शाखेतून शोरूमला फोन गेला की तिथली माणसं जागेवरून उठतात. आणि व्याजाचा हिशोब ठेवा, तो नंतर मागता येईल.

---

औशाची_बाई | १ मे, दुपारी १:१५

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं, माफ करा. आत्ताच शाळेतलं झेंडावंदन करून आले. कालचं सांगते, पण आधी एप्रिलचं.

३१ ला ईद, १ तारखेला बँकेचं क्लोजिंग, म्हणून २ एप्रिलला बँकेत गेले. मॅनेजरबाईंनी माझं पत्र वाचून माझ्यासमोर शोरूमला फोन लावला. त्याच दिवशी १९१५ वर तक्रार नोंदवली आणि कंपनीला चासी नंबरसह मेल केला. ४ तारखेला शोरूमच्या मोठ्या साहेबांचा पहिल्यांदा फोन आला. तीच गाडी ठेवा, ३५ हजार कमी करतो. जानेवारीत वर्ष जुनं आहे असं सांगून हेच पैसे कमी केले असते तर मी आनंदाने घेतली असती, हे त्यांना सांगितलं. रंगवलेला दरवाजा मात्र कुठल्याच किमतीला नको म्हटलं.

मग दुसरी गाडी द्यायला तयार झाले, पण एप्रिलपासून किंमत वाढली म्हणून ९ हजार फरक मागितला. बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू' असं आहे खरं. पुण्याच्या काकांनी फोनवर सुचवलं तसं मी लिहिलं की पूर्ण पैसे तुमच्याकडे २६ मार्चला आले, उशीर चुकीच्या गाडीमुळे झाला, त्याचा भार माझ्यावर का? तीन दिवसांनी तो विषय त्यांनी सोडला. हँडलिंगचे ६,५०० परत आले. ॲक्सेसरीजमध्ये मी मॅट आणि मडफ्लॅप ठेवले, बाकी काढायला लावलं. जुन्या बिलाची क्रेडिट नोट माझ्या हातात पडल्याशिवाय नव्या फॉर्म २० वर सही केली नाही, आणि या वेळी एकही रकाना कोरा नव्हता. जुने सह्यांचे कागद परत मागितले. माझ्यासमोर फाडले.

व्याजाचं अजून मिटलेलं नाही. सहा लाखांवर नऊ टक्क्यांनी दिवसाला १४८ रुपये होतात. २६ मार्च ते काल, ३५ दिवसांचे ५,१८०. 'बघतो' म्हणतात. १९१५ वरची तक्रार मी बंद केलेली नाही, तो आकडा तिथे लिहून ठेवलाय. पंधरा दिवसांत आले नाहीत तर लातूरच्या आयोगात दोनशे रुपये भरायची माझी तयारी आहे.

काल अक्षय्य तृतीया होती. आदल्या दिवशी यार्डात जाऊन गाडी पाहिली. फॉर्म २२ वर मार्च २०२५, मीटरवर १९ किलोमीटर. सासरे चारही दरवाजांच्या कडा बोटाने तपासून आले आणि मान हलवली. मी वाकून टायर वाचले. ०९२५.